कुणी मागतच नाही, मग मुले शोधतील कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातील अग्रलेखात आपण ग्रामीण महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या ‘डिजिटल निरक्षरते’बद्दल चिंता व्यक्त केली आहे. सरकार कोट्यवधी रुपये खर्चून ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके उपलब्ध करून देते, मुलांना मात्र ती वापरता येत नाहीत, सबब प्रशिक्षणाची मोठी मोहीम हाती घ्यावी, असा त्याचा मथितार्थ. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आपली चिंता खरी आहे, पण आपण केलेले रोगनिदान मला पटलेले नाही. मुलांना येत नाही म्हणून ती ई-ग्रंथालय वापरत नाहीत, हे अर्धेच खरे. अभ्यासात त्यांच्याकडे तो वापर कुणी मागत नाही, हे उरलेले अर्धे. त्याबद्दल अग्रलेखात एक ओळही नव्हती.

आधी जे येत नाही त्याविषयी. आमच्याकडे प्रथम वर्षाला येणाऱ्या बहुतेक मुलांनी आपला ई-मेल पत्ता स्वतः काढलेला नसतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना महा ई-सेवा केंद्रातल्या कुणा दादाने तो घाईघाईत काढून दिलेला असतो. पासवर्ड दादाच्या वहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रातर्फे महाविद्यालयांसाठी ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणारी एन-लिस्ट ही सेवा चालते. तिचे खाते उघडायचे तर ग्रंथपालाने मुलांची नावे आणि ई-मेल पत्ते चढवायचे, मग लॉगिनचा तपशील त्या पत्त्यांवर जातो. म्हणजे मुलाने कधीच न उघडलेल्या पत्त्यावर. पासवर्ड बदलायला जावे तर ओटीपी येतो, आणि ‘ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर गेलाय मॅडम, पप्पा रानात हायत’ इथे सगळे थांबते. मुलींच्या बाबतीत हे जवळजवळ ठरलेलेच. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १८ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलामुलींपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के निघाले आणि मुली १९.८ टक्के. आमच्या वर्गात येणाऱ्या मुली याच वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात. रात्री जेवणानंतर ज्या फोनवर भावाचा गेम चालतो, त्यावर तिने लेख कधी वाचायचा?

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र बहुतेकांकडे असते. सरकारी नोकरीला लागते म्हणून ते बारावीच्या सुट्टीतच उरकलेले असते. पण तो अभ्यास संगणकावरचा, आणि पुढे हाती राहिला तो फोन. फाईल कुठे उतरली असे विचारले तर ‘हितंच कुठंतरी डाउनलोडमध्ये असंल.’ पत्त्याची पट्टी कोणती आणि शोधाची चौकट कोणती, हे मुलांना सांगता येत नाही, कारण फोनने तो फरक ठेवलेलाच नाही. लेखाची पीडीएफ जोडून पाठवा म्हटले की व्हॉट्सॲपवर पडद्याचे फोटो येतात, पानेही उलटसुलट.

हे सगळे कबूल. पण हीच मुले संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत बसतात, तेव्हा एकदा त्यांना पाहायला या. पोलीस भरतीची जाहिरात लागली की रात्रीपर्यंत आधीच्या भरतीच्या प्रश्नपत्रिका टेलिग्रामवरून उतरवून, विषयवार वेगळ्या करून गटावर पडलेल्या असतात. ई-बालभारतीवरून जुनी क्रमिक पुस्तके काढायची, त्यातले कोणते प्रकरण राज्यसेवेच्या कामाचे ते टिपून ठेवायचे, कोणत्या पीडीएफमधली मधली पाने गळलेली आहेत हे एकमेकांना सांगायचे, यात ती तरबेज आहेत. (टेलिग्रामवर फिरणाऱ्या कित्येक पुस्तकांच्या प्रती चोरीच्या असतात आणि ग्रंथपाल म्हणून मला ते खटकते. पण शोधण्याचे, पडताळण्याचे, लावून ठेवण्याचे कसब आहे ते आहे.) या मुलांना निरक्षर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या पीडीएफशिवाय भरती निघत नाही हे त्यांना पक्के माहीत आहे. एन-लिस्टशिवाय बी.ए. निघते. प्रथम वर्गात निघते.

आमच्या पदवी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून पाहा. ‘टिपा लिहा’, ‘वैशिष्ट्ये सांगा’, ‘महत्त्व विशद करा’. याची उत्तरे एसटी स्टँडसमोरच्या दुकानात मिळणाऱ्या गाईडात आहेत, आणि आता तेही यूट्यूबवर कुणीतरी वाचून दाखवते. अंतर्गत गुणांसाठी गृहपाठ असतो. तो मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवलेला असतो हे घेणाऱ्यालाही माहीत असते. जिथे तीन वर्षांत एकही नियतकालिक उघडावे लागत नाही, तिथे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ तुमच्या फोनवर फुकट वाचता येईल, असे मी सूचना फलकावर लिहून ठेवले काय आणि नाही ठेवले काय.

प्राध्यापकांबद्दल लिहायला हात कचरतो, कारण रोज चहाला एकत्र बसतो. तरीही लिहिते. बढतीचा प्रस्ताव करायची वेळ आली की ‘मॅडम, माझा एन-लिस्टचा पासवर्ड काय होता हो?’ अशी विचारणा होते. एरवी वर्षभर काही नाही. अपवाद आहेत, पण ते मला बोटांवर मोजता येतात. ज्या माणसाने स्वतः वर्षभरात लेख उघडला नाही, तो मुलांना ‘हा लेख वाचून या’ कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि नॅक, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या मूल्यमापनात ग्रंथालयाचा रोज किती शिक्षक-विद्यार्थी वापर करतात हे विचारले जात आले आहे, आणि त्यात ऑनलाइन लॉगिनही धरतात. समिती येण्याच्या आधी अनेक ठिकाणी काय चालते ते आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. वर्गच्या वर्ग संगणक कक्षात आणायचे, लॉगिन करायला लावायचे, बाहेर काढायचे, पुढचा वर्ग आत. आकडा तयार. लेख कुणी उघडला, पहिल्या पानाच्या पुढे कुणी गेले का, त्याचे पुढे काय केले, यासाठी रकाना नाही. आपण अग्रलेखात ज्या ‘वापराच्या प्रमाणा’चा उल्लेख केला आहे ते अशाच नोंदींवरून आले असेल, तर परिस्थिती आपल्याला वाटते त्याहून बिकट आहे.

प्रशिक्षणाचे म्हणाल तर ते दरवर्षी होते. १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन असतो. तसबिरीला हार, प्राचार्यांचे दोन शब्द, मग प्रोजेक्टरवर माझे सादरीकरण: एन-लिस्ट, प्रबंधांचे भांडार असलेली शोधगंगा, नॅशनल डिजिटल लायब्ररी, ऑनलाइन अभ्यासक्रमांचे स्वयं. मुले शांतपणे ऐकून घेतात, कारण नंतर चहा-बिस्किटे असतात. दुसऱ्या दिवशी कुणी येऊन ‘मॅडम, काल ते काय दाखवलं होतं?’ असे विचारल्याचे मला आठवत नाही. दोष मुलांचा नाही. मलाही जीवन विमा प्रतिनिधीने समजावून सांगितलेले सगळे दाराबाहेर पडेपर्यंतच आठवते. आपण सुचवलेली मोहीम म्हणजे माझ्या याच सादरीकरणाची जिल्हाभर काढलेली मोठी आवृत्ती होईल, अशी मला धास्ती वाटते.

एका वर्षी मात्र वेगळे घडले. तासिका तत्त्वावरचे एक तरुण सर दुसऱ्या वर्षाला पर्यावरणशास्त्र शिकवायला आले. त्या विषयाचा प्रकल्प सर्व शाखांना सक्तीचा असतो आणि तो कसा होतो हे वाचकांना सांगायला नको: मुखपृष्ठ रंगीत, आत झेरॉक्स. सरांनी एकच नियम घातला. प्रकल्पात चार संदर्भ हवेत, गाईड चालणार नाही, आणि प्रत्येक संदर्भ ग्रंथपालांसमोर उघडून दाखवून त्यावर त्यांची सही आणायची. सही नाही, तर गुण नाहीत. शिवाय त्या चारपैकी कुठल्याही एकावर तोंडी प्रश्न विचारणार.

सुरुवातीला मुलांनी सरांना आणि मला सारख्याच शिव्या घातल्या असतील. मग माझ्या टेबलासमोर रांग लागली. गंमत म्हणजे ज्या अडचणींनी मी इतकी वर्षे हैराण होते, त्या मुलांनीच सोडवल्या. काही जण केंद्रावर जाऊन दादाच्या वहीतले पासवर्ड उतरवून घेऊन आले. मुलींनी आईच्या फोनवर नवे पत्ते काढले आणि नवी यादी मलाच आणून दिली, अक्षर सुवाच्य, एकही पत्ता चुकलेला नाही. एका मुलाला लेख शोधून उतरवायची युक्ती जमली, तर त्याच्याभोवती वर्ग जमला. मी फक्त सह्या करत होते.

त्यातला एक मुलगा डाळिंबाच्या बागेतला. विषय अर्थातच डाळिंबावरचा तेल्या रोग. त्याने फोनवर ‘तेल्या’ एवढेच टाकले आणि औषधे विकणाऱ्यांचे व्हिडिओ पुढ्यात आले, एकाहून एक ठाम. मी त्याला घरातल्या औषधाच्या खोक्यातले छापील पत्रक आणायला सांगितले. त्यावर रोगाचे इंग्रजी नाव मिळाले, बॅक्टेरियल ब्लाइट. ते टाकल्यावर सोलापूरजवळ केगावला असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची पत्रके निघाली. हे केंद्र २००५ पासून आमच्याच जिल्ह्यात आहे. मुलगा त्या रस्त्याने लग्नाच्या वऱ्हाडात गेलेला होता, आत काय चालते ते त्याला माहीत नव्हते. पुढे कृषिकोश या भांडारात कृषी विद्यापीठांतले प्रबंध सापडले. इंग्रजी जड गेले. त्याने फोनचा कॅमेरा पानावर धरून भाषांतर काढले. त्यातले निम्मे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पण तक्ते वाचायला भाषांतर लागत नाही. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर हा जिवाणू पसरतो, म्हणून पावसाळ्यात फळे पोसणाऱ्या मृग बहराला त्याचा मार जास्त आणि पावसाळा सरताना धरलेल्या हस्त बहराला कमी, इथपर्यंत तो स्वतः पोचला. घरी वडील वर्षानुवर्षे मृगच धरत होते. त्याने विचारले तर वडील म्हणाले, ‘हस्ताला शेवटपर्यंत पाणी कुठनं आणायचं, तुझ्या मोबाइलातनं का?’ हे वाक्यही त्याने प्रकल्पात जसेच्या तसे घातले. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पात तेच सर्वांत चांगले होते. तज्ज्ञांची शिफारस एकीकडे, विहिरीचे पाणी दुसरीकडे, आणि दोन्ही खरे. पदव्युत्तर प्रबंधांतही इतकी प्रामाणिक मांडणी मी क्वचित पाहिली आहे.

दुसरी एक मुलगी एकरूख तलावावर लिहीत होती, ज्याला लोक हिप्परगा तलाव म्हणतात. तिला मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा १८८४ चा सोलापूर खंड हवा होता. तो इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेला आहे, कुणालाही फुकट वाचता येतो, पण तिला सापडेना. इंग्रजांनी सोलापूरचे स्पेलिंग ‘शोलापूर’ असे केले होते, हे शोधता शोधता तिचे तिलाच उमगले आणि मग खंड मिळाला. ‘मॅडम, त्यांनी आपलं गावच चुकीचं लिवलंय,’ असे ती रागाने सांगायला आली. कुठल्या कार्यशाळेत मी हे तिला शिकवले असते?

पुढच्या वर्षी सरांची नेमणूक झाली नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला दरवर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, आणि मधल्या महिन्यांत त्याने काय खायचे हा प्रश्न शासनाला पडत नाही. त्यांच्या जागी आलेल्या बाईंकडे आणखी तीन विषयांचे तास होते. नियम मागे पडला. रांगही संपली. गाव तेच, फोन तेच, एन-लिस्ट तीच.

आता तर प्रकल्पाचा मजकूर एआयकडून येतो. भाषा गुळगुळीत, परिच्छेद सारख्या लांबीचे. संदर्भसूचीत लेखकाचे नाव असते, वर्ष असते, पृष्ठक्रमांकसुद्धा असतात. फक्त तसे पुस्तक कुणी लिहिलेले नसते. मुलगा भाबडेपणाने विचारतो, ‘बाहेर गेलंय का मॅडम ते पुस्तक?’ यावर उपाय म्हणून चोरी पकडणारी महागडी सॉफ्टवेअर घ्या, असे सल्ले येतात. ‘संदर्भ उघडून दाखव’ हा सरांचा नियम बिनपैशाचा होता आणि त्यातून एकही बनावट पुस्तक निसटले नसते.

भाषेचा मुद्दा आपण एका वाक्यात उरकलात. तो एवढा लहान नाही. ई-ग्रंथालय म्हणून जे आम्ही दाखवतो त्यातले बहुतेक इंग्रजी. मराठीत काहीच नाही असे मात्र नव्हे. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश पूर्णपणे ऑनलाइन आणि मोफत आहे. शोधगंगेत देशभरातले पाच लाखांवर प्रबंध आहेत आणि त्यांत मराठीतलेही पुष्कळ. पण मराठी प्रबंध शोधायला बसा म्हणजे कळेल. कुठे शीर्षक देवनागरीत, कुठे रोमनमध्ये मनाला येईल तसे. त्याहून वाईट म्हणजे कित्येक प्रबंध युनिकोड ही आताची सर्वमान्य पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले. डोळ्यांना अक्षर मराठी दिसते, संगणकाला ते मराठी वाटत नाही. त्यात ‘दुष्काळ’ शोधा, काही येत नाही. एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवा, नुसती चिन्हे उमटतात. आणि अजूनही टंकलेखन करून देणाऱ्यांकडे तेच फॉन्ट चालू आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, आमच्याकडेही ग्रंथदिंडी निघाली, लेझीम झाले. मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारला जाईल, एवढे एक परिपत्रक प्रत्येक विद्यापीठाने काढले तर त्याला दिंडीइतकाही खर्च येणार नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, देशभरातल्या संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी एकत्र भरण्याच्या केंद्राच्या योजनेबद्दल आपण भरभरून लिहिले आहे. मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधकांना लाभ. भागाकार केला तर तीन वर्षांत माणशी ३,३३३ रुपये पडतात. मी योजनेच्या विरोधात नाही. आधी एकेका संस्थेला परवडत नव्हते ते आता देशाच्या पातळीवर एकदम घेतले, हे चांगलेच झाले. पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे, आणि महाराष्ट्रातली ग्रामीण मुले मोठ्या संख्येने खासगी शिक्षण संस्थांच्या अनुदानित-विनाअनुदानित महाविद्यालयांत शिकतात, हे अग्रलेखात यायला हवे होते. शिवाय ६,००० कोटींमध्ये नियतकालिके येतात. ती उघडायला लावणारा माणूस त्या रकमेत येत नाही. आमच्याकडचे ग्रंथालय परिचर मामा निवृत्त झाले, त्यांची जागा भरलेली नाही. पुस्तकांची देवघेव मी करते, अभ्यासिकेचे कुलूप मी लावते, आणि मधल्या वेळात ‘माहिती साक्षरता’.

तेव्हा मोहिमेचा पैसा आणि उत्साह मी दुसरीकडे लावला असता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अभ्यासक्रम बदलला, आणि आता क्षेत्र प्रकल्प श्रेयांकांसह (क्रेडिटसह) आला आहे. त्या प्रकल्पाच्या गुणांपैकी ठरावीक गुण उघडून दाखवलेल्या संदर्भांना द्यावेत, एवढे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने लिहून द्यावे. एखाद्या तरुण सरांच्या नेमणुकीवर ते अवलंबून राहू नये. कौशल्याच्या विषयांना दोन-दोन श्रेयांक आहेतच. त्यातले दोन पहिल्याच सत्रात ग्रंथालयाच्या नावे करावेत, आणि त्याचा तास सभागृहात न घेता वीस-पंचवीस मुलांच्या गटात, त्यांच्याच फोनवर, मराठीतून व्हावा. पहिला तास ई-मेल पत्ता स्वतःचा करून घेण्याचा असावा. परीक्षेत ‘ग्रंथालयाचे महत्त्व विशद करा’ असा प्रश्न विचारला, तर मात्र हे सगळे न केलेलेच बरे.

संदर्भ तपासून सही करण्याचे काम वाढेल याची मला कल्पना आहे. राज्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंपैकी काहींना हा प्रस्ताव आवडणार नाही. त्यांनी या स्तंभात जरूर उत्तर द्यावे.

अभ्यास मंडळांत बसणारी मंडळी आपले वर्तमानपत्र वाचतात, आमची मुले ते फोनवर पुढे ढकलतात. पुढचा अग्रलेख मंडळींना उद्देशून लिहावा, एवढीच विनंती. सेवेत असल्यामुळे माझे आणि महाविद्यालयाचे नाव छापू नये.

आपली,
एक ग्रंथपाल
जि. सोलापूर